हिरड्यावरचा फोन आणि एक झोपाळू तारा

मुळशीला जाऊन आलेल्या माणसाला लोक तीनच प्रश्न विचारतात. धुकं होतं का, भजी खाल्ली का, आणि फोटो कुठायत. तर धुकं नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन होतं, टाळू तापवणारं. भजी खाल्ली, तेल कालचं होतं. आणि फोटो नाहीत, कारण त्या दोन दिवसांत माझा फोन बहुतेक वेळ एका झाडाला टांगलेला होता. हसू नका. मीही आधी हसले होते.

मारुंजी

आम्ही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. आता मारुंजीत भाड्याने राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा, जो हिंजवडीत एका कंपनीत आहे आणि शनिवारी झोपतो. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. माझं काम क्ष-किरणांचं. दवाखान्यातल्या नव्हे, आकाशातल्या. हे वाक्य मी घरमालकाला, दूधवाल्याला आणि सासूबाईंना इतक्यांदा सांगितलंय की आता कोणी गुडघ्याचा फोटो दाखवायला आणला तर मी मुकाट बघते आणि म्हणते, झीज दिसतेय, चालत जा.

तरी एकदा सांगते, कारण त्याशिवाय माझी चिडचिड तुम्हाला कळणार नाही. एक मोठा तारा मरतो आणि मागे त्याचा गाभा उरतो. वजन सूर्याहून जास्त, आणि आकार हिंजवडी ते पौड, बस्स एवढाच. याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. काही न्यूट्रॉन ताऱ्यांना जोडीदार असतो, साधासुधा तारा. हा चिमुकला त्या जोडीदाराचा वायू ओढून घेतो आणि अंगावर साचवत बसतो. साचतं, दाबलं जातं, तापतं, आणि एका क्षणी सगळ्या थराचा भडका उडतो. पुढचं मिनिटभर तिथून क्ष-किरणांचा नुसता लोट येतो, मग हळूहळू विझतो. काही तासांनी पुन्हा तेच. माझा नवरा म्हणतो हे सगळं त्याच्या ओळखीचं आहे.

आता खरी गंमत. भडका एकदम सगळीकडे उडत नाही, एका ठिकाणी पेट घेतो. तारा स्वतःभोवती गरागरा फिरत असतो, म्हणून ती पेटलेली जागा आपल्यासमोर येते, मागे जाते, पुन्हा येते. प्रकाश लुकलुकतो. ती लुकलुक मोजली की तारा सेकंदाला किती गिरक्या घेतो ते कळतं. शेकड्यांनी घेतात. एवढं जड धूड, आणि सेकंदात शेकडो गिरक्या!

माझा म्हणून एक तारा आहे. पीएचडीपासून मी त्याच्या मागे आहे. त्याचे भडके पूर्वी दिसलेत, पण लुकलुक कोणालाच सापडलेली नाही. आणि हा गेली अकरा वर्षं गप्प होता. जोडीदाराकडून येणारा वायू थांबला की असे तारे झोपतात. पुन्हा कधी उठतील, सांगता येत नाही. उठले तर थोडे दिवस, मग परत झोप. त्या थोड्या दिवसांत उपग्रहाची दुर्बीण तिकडे वळवून घेतली तर घेतली, नाहीतर बसा पुढची अकरा वर्षं. तोवर मी निवृत्तीच्या वाटेला लागलेली असेन.

त्या शनिवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं, आणि फोनवर निरोप आला. तारा उठला होता.

चहा राहिला बाजूला. मी आणि अनिरुद्ध, म्हणजे माझा सहकारी, पुण्यात कोथरूडला राहतो, बोलताना स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतात असा माणूस, आम्ही दोघांनी तासाभरात उपग्रहवाल्यांकडे मागणी पाठवली. मागणी माझ्या नावावर. उत्तर आलं की उद्या दुपारी बाराच्या आत कळवू, त्या वेळी फोनवर हजर राहा, आम्ही जे देऊ ते घ्यायचं की नाही ते लगेच सांगावं लागेल.

आणि खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. प्रकाश ओव्हाळ आला होता, मला त्याच्या गावी न्यायला.

पिरंगुट

प्रकाशभाऊ आमच्या संस्थेत संगणक सांभाळतो. चांगला माणूस. त्याच्या चांगुलपणानेच माझा घात झाला. त्याची वाडी मुळशी धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे आहे, आणि तिथल्या विहारात रविवारी वर्षावासाच्या समाप्तीचा कार्यक्रम होता. पावसाळाभर रोज संध्याकाळी विहारात वाचन चालतं, शेवटी एक दिवस खीर आणि भाषणं. आमच्या यवतमाळकडेही असंच. यंदा प्रकाशने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मॅडम येऊन ताऱ्यांवर बोलणार. महिन्यापूर्वी मी हो म्हटलं होतं. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मी त्याला विचारलं, तुझ्या वाडीत रेंज आहे ना? तो म्हणाला, हाय की. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, हाय की, ताई. कुठे आहे ते मी विचारलं नाही, तिथे फसले.

माण, घोटवडे करत आम्ही फाट्याला आलो. इथून उजवीकडे वळलं की पौड. प्रकाशने डावीकडे वळवली. का, तर प्रोजेक्टर पिरंगुटात एका मंडपवाल्याकडून घ्यायचा होता. पिरंगुटच्या चौकात कंपन्यांच्या बसेस, सिमेंटचे ट्रक आणि एक नवरदेवाची गाडी एकमेकांत अशी अडकली होती की पोलीससुद्धा सावलीत जाऊन उभा राहिला होता. मंडपवाला म्हणाला, प्रोजेक्टर लग्नात गेलाय, येईल. आला. वायर आली नाही. वायर आणायला गेलेला माणूसही बराच वेळ आला नाही. कालच्या तेलातली ती भजी मी इथेच खाल्ली, रागाच्या भरात, दोन प्लेट.

पौड

पौडला एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो. तहसील कचेरीत शनिवार असून कोणीतरी कोणाला तरी भेटायला आलं होतं आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होते. मला बरं वाटलं, आपण एकटेच नाही.

इथे रेंज दणदणीत होती. मी अनिरुद्धला फोन लावला. त्याचा अंदाज असा की उपग्रहवाले दोनपैकी एक देतील. एकतर रविवारीच दोन कामांच्या मधल्या फटीतला छोटा तुकडा, साधारण अर्ध्या तासाचा. नाहीतर गुरुवारपासून भरपूर वेळ, दिवसभराहून जास्त. दोन्ही मिळणार नाही. तो म्हणाला, काय करायचं? मी म्हटलं, विचार करून सांगते, पण मला विचारल्याशिवाय काही ठरवू नकोस. हे वाक्य मी दोनदा म्हटलं. त्याने "नोंद घेतली" असं म्हटलं. असाच बोलतो तो.

पुढे सगळ्या रस्त्याने मी तेच घोळवत होते. भाताची खाचरं पिवळी झालेली, काही ठिकाणी कापणी सुरू, धरणाचं पाणी काठोकाठ. प्रकाश हौसेने दाखवत होता आणि मी हूं हूं करत होते. अर्ध्या तासाच्या तुकड्यात काय मिळणार? भडके काही तासांनी एकदा होतात. आपण अर्धा तास डोळा लावून बसायचं, आणि नेमका त्यात होणार? त्यातून उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, निम्म्या फेरीत पृथ्वीच मध्ये येते. गुरुवारी भरपूर वेळ मिळाला तर चार-पाच भडके नक्की पदरात. फक्त तोवर ताऱ्याने जागं राहायला हवं. पण पूर्वीच्या खेपांना तो तीन आठवडे जागा राहिला होता. वाडी येईपर्यंत माझं ठरलं: गुरुवार. तुकडा घ्यायचा नाही.

आणि हे अनिरुद्धला सांगावं म्हणून फोन काढला, तर रेंज गेलेली.

हिरड्याचं झाड

प्रकाशच्या घरी त्याची आई वाटच बघत होती. जय भीम झाला, पाणी झालं. मी पहिला प्रश्न विचारला तो रेंजचा. आई म्हणाली, "हाय की. वर झाडाला."

वाडीच्या मागे एक टेकाड आहे. त्यावर माळ, आणि माळावर एक हिरड्याचं झाड. त्या झाडाखाली, आणि तेही पूर्वेच्या बाजूने, रेंज आहे. बाकी सगळीकडे शुकशुकाट. म्हणून वाडीची पद्धत अशी, की ज्याला फोन येणार असेल त्याने सकाळी फोन नेऊन झाडाला टांगायचा. धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून, फांदीला दोरीने. प्रत्येकाच्या दोरीचा रंग वेगळा. मी पोचले तेव्हा झाडाला फोन लगडलेले होते आणि त्यातल्या एकावर भक्तिभावाने कुठल्याशा कर्जाची जाहिरात वाजत होती. कपाळ माझं.

झाडाखाली सुमनमावशी बसलेली. प्रकाशची लांबची चुलती. साठीची असेल. तिच्या दोन म्हशी त्याच माळावर चरतात, म्हणून फोनांची राखण तिच्याकडे. फोन वाजला की ती उचलते, ऐकून घेते, संध्याकाळी खाली आली की ज्याचा त्याला निरोप देते. घाईचं असलं तर मध्येच उतरून येते. मी विचारलं, मावशी, तुमचा फोन यातला कोणता? ती म्हणाली, "माजा न्हाई. मला कोन करनार फोन?" आणि म्हशीला हाक मारून निघून गेली.

अनिरुद्धचा फोन लागेना. त्याचा बंद असावा. शनिवारी संध्याकाळी तो गाणं शिकायला जातो आणि तिथे फोन बंद ठेवतात, संस्कृती म्हणून. मी त्याला लेखी निरोप टाकला: गुरुवारच. निरोपापुढे गोल गोल फिरत राहिलं. फोन पिशवीत घालून तिथेच फांदीला टांगला आणि मी खाली उतरले.

रात्रीचं जेवण मात्र उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. तांदळाची भाकरी, धरणातल्या चिलापीचं कालवण आणि इंद्रायणीचा चिकट भात. आमच्याकडे भात म्हणजे जेवण संपल्याची खूण, चमचाभर घ्यायचा. इथे भात म्हणजे जेवण. मी थोडा मागितला तर आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी माझी आई ज्वारीची भाकरी नको म्हणणाऱ्या जावयाकडे टाकते.

जेवताना प्रकाशने हसत हसत सांगितलं की सुमनमावशी नुसता निरोप घेत नाही, उत्तरही देऊन टाकते. कोणाचा सिलिंडर आला तर आणून टाका म्हणते. पौडच्या डॉक्टरने तारीख विचारली तर तारीख घेते. एकदा तर कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे कधी येऊ विचारत होते, तिने रविवार दिला, आणि ते लग्न झालंसुद्धा. मालक टेकाड चढून उलट फोन करेपर्यंत समोरच्याची वेळ टळलेली असते. म्हणून झाडाखाली बसलेल्या माणसाने दिलेला शब्द हा मालकाचाच शब्द, असा वाडीचा रिवाज. कोणी मोडत नाही.

माझा घास हातातच राहिला.

विहार

सकाळी मी आधी झाडाकडे गेले. निरोपापुढचं ते गोल अजून फिरतच होतं. पुन्हा पाठवावा म्हटलं तर रेंज येई आणि जाई. ऐन महत्त्वाच्या दिवशी हिरड्यानेही हात टेकले होते. मी ठरवलं, बारापर्यंत इथेच बसायचं. तर खालून प्रकाशची आई स्वतः वर आली, पांढरी साडी नेसून, धापा टाकत. प्रमुख पाहुण्या झाडाखाली बसल्यात म्हटल्यावर लोक काय म्हणतील? कार्यक्रम नऊला होता, साडेदहाला संपेल, मग बसा की. मी गेले. पण जाण्याआधी सुमनमावशीच्या समोर बसून सांगितलं की माझा फोन वाजला की उचला, ऐका, आणि धावत येऊन मला सांगा. उत्तर देऊ नका. ती म्हणाली, "व्हय." आता या "व्हय"ला मी काय करणार होते? माझ्या केसांचा लाल रबर काढून मी पिशवीला बांधला आणि उतरले.

नऊचा कार्यक्रम साडेदहाला सुरू झाला. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, तेवढ्यापुरतं माझं डोकं खरंच शांत झालं. मग सत्कार सुरू झाले. शाल-श्रीफळ नाही, गुलाबाचं फूल आणि पेन. आधी पाहुण्यांचा. मग ज्यांनी वाचन केलं त्यांचा. मग ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्या ज्येष्ठांचा. ज्याने मंडप दिला त्याचा, ज्याने खिरीला दूध दिलं त्याचा, आणि सत्काराचे पेन पौडहून ज्याने आणले त्याचाही, त्यातलाच एक पेन देऊन. प्रत्येकजण दोन शब्द बोलत होता. दोन शब्द म्हणजे किती हे महाराष्ट्रात कोणीतरी एकदा ठरवून टाकायला हवं.

मला माईक मिळाला तेव्हा वीज गेली. पिरंगुटाहून छातीशी धरून आणलेला प्रोजेक्टर ठोकळा झाला. माईक तेवढा बॅटरीवर होता. मी बोलायला लागले. समोर पन्नासेक माणसं, पुढे पोरं, उजवीकडे बायका. साचणारा वायू सांगितला, भडका सांगितला. लोक ऐकत होते, खरोखर ऐकत होते, आणि माझं अर्धं लक्ष दाराकडे.

दारात सुमनमावशी आली. शांतपणे चप्पल काढली, मूर्तीला हात जोडले, आणि बायकांत शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मी बोलता बोलता भुवया उडवल्या. तिने मलाही हात जोडले. मी हाताने फोनची खूण केली. तिने मान डोलावली आणि बोटाने, चालू द्या, असं दाखवलं. कार्यक्रमात मध्येच बोलू नये, हे तिला शिकवलेलं. मला नसावं. मी भाषण थांबवून माईकवरच विचारलं, "मावशी, फोन आला होता का?"

सगळा विहार मागे वळला. ती उठून उभी राहिली.

"आला व्हता पुन्यावरनं. म्हनाले, आज थोडा येळ देत्यात, न्हाईतर गुरवारी भरपूर. लगीच सांगा म्हनाले. म्या सांगितलं, आज देत्यात तर आज घ्या."

माझ्या आत काय साचत होतं ते मी तुम्हाला पिरंगुटापासून सांगतेय. ते तिथे पेटलं. माईक हातातच होता, त्यामुळे जे बोलले ते भोंग्यातून फुगवट्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेलं असणार. उत्तर देऊ नका म्हणून बजावलं होतं ना? अकरा वर्षं मी ज्याची वाट बघितली तो काय गॅसचा सिलिंडर होता, आला तर ठेवा म्हणायला? तुमच्या अर्ध्या तासात मी काय घंटा बघणार? असं बरंच. पोरं आधी हसली, मग त्यांच्या आयांनी त्यांना गप्प केलं.

सुमनमावशी उभीच होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "फोन तुटत व्हता, मॅडम. ते म्हनाले आत्ताच सांगा, न्हाईतर दुसऱ्याला देत्यात. मंग काय सांगू? मानूस न्हाई, म्हनू?"

मी माईक ठेवला आणि टेकाडाकडे पळाले. पायात सँडल, खाली कुसळं. वर गेले तर झाडाखाली म्हैस उभी होती आणि फोन मी टांगला तिथेच होता. अनिरुद्ध लागला. म्हणाला, तुझा फोन लागेना म्हणून उपग्रहवाल्यांनी मला गाठलं, आता उपग्रह वळवायला सुरुवात झालीय, बदलता येणार नाही. मी विचारलं, मला विचारल्याशिवाय ठरवू नकोस म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं, त्याचं काय झालं? तो म्हणाला, त्या बाईंना मी विचारलं की मॅडमचा हाच निर्णय समजू का, तर त्या "व्हय" म्हणाल्या, आणि इतक्या ठामपणे की मला वाटलं तू सांगून ठेवलं असशील. माझा गुरुवारचा निरोप? तो त्याला त्यानंतर मिळाला.

मी खाली आले. मला वाटलं होतं सगळे उठून गेले असतील. सगळे जागच्या जागी बसून होते. प्रकाशच्या आईने माझ्यापुढे पाणी धरलं आणि म्हणाली, भाषण पुरं करा, मग खीर. मी पुरं केलं. कसं केलं ते विचारू नका. खीर गोड होती, तेवढं आठवतं. सुमनमावशी मात्र कुठे दिसली नाही. ती म्हशींकडे परत गेली होती. तिची खीर डब्यात घालून वर पाठवली, असं कोणीतरी म्हणालं. मी वर गेले नाही. माझा फोन प्रकाश जाऊन घेऊन आला, लाल रबरासकट.

आम्ही परतीला निघालो. प्रोजेक्टर पिरंगुटात परत दिला. मंडपवाल्याने वायर मोजून घेतली, ती बरी मोजता आली.

पुन्हा मारुंजी

आता जे झालं ते सरळ सांगते, कारण ते सांगतानाही माझा जळफळाट होतो.

मंगळवारी तारा मंदावला. बुधवारी विझला. गुरुवारी तिथे काही नव्हतं, साफ काळोख. पूर्वी तीन-तीन आठवडे जागणारा बाबा या खेपेला पाच दिवसांत झोपला. मी माझं खरं करून गुरुवार घेतला असता, तर दिवसभर काळोखाचं मोजमाप करत बसले असते.

आणि रविवारच्या त्या तुकड्यात एक भडका होता. तोही अख्खा नाही. उपग्रह पृथ्वीच्या आडून बाहेर आला तोवर पेट घेऊन झाला होता, म्हणजे लुकलुक सगळ्यात जोरदार असते तेव्हाचा भाग हुकला. हातात आली ती उतरण. पण त्या उतरणीत लुकलुक होती. बारीक, आणि स्पष्ट. मी आणि अनिरुद्धने एकमेकांना न दाखवता वेगवेगळं तपासलं, कारण या धंद्यात माणूस शोधत बसला की त्याला हवं ते दिसायला लागतं. जिथे जिथे शोधलं ती प्रत्येक जागा हिशेबात धरली, नुसता योगायोग नसावा म्हणून. आठवडे गेले. दोघांचा आकडा एकच आला. माझा तारा सेकंदाला पाचशेच्या वर गिरक्या घेतो. अकरा वर्षं मला हे एवढंच हवं होतं.

हे ऐकून माझा नवरा म्हणाला, बघ, खेड्यातली बाई तुझ्यापेक्षा शहाणी निघाली. सगळे असंच म्हणणार, ठाऊक आहे. शहाणपण-बिहाणपण काही नाही. निव्वळ नशीब. भडका त्या अर्ध्या तासात झाला नसता तर? माझं गणित बरोबरच होतं, आजही तेच करेन. तिने ताऱ्याला सिलिंडरचा न्याय लावला आणि तो लागू पडला, बस्स. हे मी नवऱ्याला चढ्या आवाजात समजावलं, अनिरुद्धला समजावलं. पण तेवढं समजावूनही मला झोप लागेना, बापा. भोंग्यातून गेलेला माझा आवाज कानातून जाईना.

शेवटी मी प्रकाशच्या आईच्या नंबरवर फोन लावला. तो हिरड्यावर असणार, आणि उचलणार कोण, तेही माहीत होतं. बऱ्याच वेळाने उचलला. वारा, आणि मागे म्हशीची घंटा.

मी एका दमात सगळं सांगितलं, मध्येच तुटेल या भीतीने. की मी मारुंजीची मॅडम. की तो तारा त्या दिवशी सापडला. की तो फिरतो, सेकंदात पाचशेच्या वर. की गुरुवारी घेतलं असतं तर काही मिळालं नसतं, ते तुमच्या शब्दामुळे मिळालं. की मी भर विहारात जे बोलले ते बोलायला नको होतं, चुकलं माझं. ती मध्ये मध्ये "बरं, बरं" म्हणत होती, एकेक गोष्ट लक्षात ठेवत असल्यासारखी.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "बरं. सांगते. कुनाला सांगायचं?"

"कुणाला नाही, मावशी," मी म्हटलं. "हा फोन तुम्हालाच केलाय."

मला वाटलं रेंज गेली. पण घंटा वाजतच होती.